‘उकड काढलीय, या लवकर’: पवन मावळातल्या एका क्वाड बाईक सहलीचं प्रकरण

जानेवारीचा शेवटचा रविवार. तिकोना आणि तुंग या दोन किल्ल्यांच्या मधल्या पट्ट्यातली एक वाडी. चुलीवर तांदळाच्या पिठाची उकड तयार, पावट्याची आमटी उतरवून ठेवलेली, गावरान कोंबडीचा रस्सा निखाऱ्यावर. आणि तिथून जेमतेम आठशे मीटरवर, हरभऱ्याच्या खाचरात उलटलेली एक क्वाड बाईक, मागचं चाक अजून फिरतंय.

त्या सहलीत सगळ्यात मागची गाडी माझी होती. ट्रेकच्या भाषेत मी ‘स्वीप’. या सहली चालवणाऱ्या चालकाशी जुनी ओळख. त्यांचा नेहमीचा मुलगा लग्नाला गेला म्हणून मी एका दिवसापुरता उभा राहिलो होतो. पुढे त्यांनीच सांगितलं, काय झालं ते लिहून दे. त्या टिपणाचंच हे वाढवलेलं रूप. गावाचं, चालकाचं, पाहुण्यांचं नाव देत नाही.

बेत काय होता

क्वाड बाईकला गावात सगळे ‘एटीव्ही’ म्हणतात. फुगीर टायरची, स्कूटरसारखी बेल्टवर चालणारी, गिअर नसलेली चारचाकी. अशा सहा गाड्या. पाहुणे सात: एक जोडपं आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा, शिवाय एकाच ऑफिसातले चौघे. पुढच्या गाडीवर गावातलाच मुलगा गाईड, मागे मी. मधल्या चार गाड्यांवर सात पाहुणे, म्हणजे तीन गाड्या डबलसीट.

मार्ग एकूण अकरा किलोमीटरचा. आधी गायरानातून वर माळावर, तिथून पवना धरणाच्या पाण्याचा नजारा, मग जुन्या गाडीवाटेने वळसा घालून वाडीत जेवायला. जेवणानंतर एक चांगला उतार आणि परत तळावर. पाहुण्यांनी साडेदहाला यायचं, अकराला निघायचं, एकला पानावर बसायचं, अडीचला गाड्या तळावर. कारण तीनची दुसरी तुकडी आधीच पैसे भरून बसलेली.

जेवण गाईडच्या चुलतीच्या घरी. जाहिरातीत फोटो गाड्यांचे होते, पण लोक बोलायचे ते जेवणाबद्दल. इंद्रायणीचा भात इथलाच. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिला आणि आता पुण्यातला प्रत्येक किराणावाला इंद्रायणीच्या नावाखाली काहीही विकतो. खरा इंद्रायणी खायचा तर असा चिकटसर, वाफाळता, वासावरून ओळखू येणारा. भात काढून झाल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर, पावटा घेतात. म्हणून जानेवारीत आमटीला ओला पावटा आणि पानात डावीकडे भाजलेले सोलाणे.

आणि तांदळाची भाकरी. सगळी गोष्ट या भाकरीपाशी येऊन थांबते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पाणी उकळून त्यात पीठ घालायचं, झाकून वाफ आणायची, मग ती उकड गरम असतानाच मळायची. पाण्याच्या हाताने थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, उलटायची, मग निखाऱ्यावर फुगवायची. एका तव्यावर एका भाकरीला तीनेक मिनिटं धरा. पाहुणे आणि आम्ही मिळून नऊ माणसं, प्रत्येकी तीन, म्हणजे सत्तावीस भाकऱ्या आणि सव्वा तासाहून जास्त काम. आधी करून ठेवल्या तर कडा वाळतात, आणि ‘चुलीवरचं गरमागरम’ या नावाखाली पैसे घेतलेले असतात. उशिरा सुरू केल्या तर पाहुणे ताटावर बसून वाट बघतात. काकींना उकड नेमकी केव्हा काढायची हे कळायला एकच साधन होतं, गाईडचा फोन.

तास कुठे गेला

पाहुणे आले अकरा वीसला. द्रुतगती मार्गावर अडकले होते. हेल्मेट मापाने बसवण्यात, मुलाला लहान हेल्मेट शोधण्यात, सह्या घेण्यात अर्धा तास. निघालो तेव्हा बारा वाजायला दहा कमी.

तळाशेजारी एक सपाट पटांगण आहे. तिथे प्रत्येकाने पंधरा मिनिटं आठचा आकडा काढून दाखवायचा, थांबून दाखवायचं, असा नियम चालकानेच केलेला. त्या दिवशी तो वगळला. गाईडने दोन मिनिटांत तोंडी सांगितलं: हा ब्रेक, हा अंगठ्याचा अ‍ॅक्सिलरेटर, माझ्या पुढे जायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. पुण्यातली माणसं, जन्मापासून दुचाकीवर. त्यांना काय शिकवायचं, असं मलाही वाटलं. आणि घोळ नेमका तिथेच आहे.

दुचाकी चालवणाऱ्याच्या अंगात दोन सवयी मुरलेल्या असतात. तोल गेला की पाय टेकायचा. घाबरलं की मूठ आवळायची. दुचाकीवर पहिली सवय जीव वाचवते. क्वाडवर पाय खाली गेला की मागचं रुंद चाक त्यावर चढतं, कारण ते पायाच्या अगदी मागेच असतं. आणि मूठ आवळली की अंगठाही आवळला जातो, म्हणजे गाडी थांबण्याऐवजी पुढे झेपावते. शिवाय या गाड्यांच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच सलग धुरा असतो. मोटारीत वळताना आतलं चाक कमी, बाहेरचं जास्त फिरतं. इथे ती सोय नाही. म्हणून हँडल वळवूनही गाडी सरळ ढकलत राहते, आणि चालवणाऱ्याने अंग वळणाच्या आतल्या बाजूला झोकून तिला वळवावं लागतं. अंग हलवायला जागा हवी. मागे कोणी कंबर धरून बसलं असेल तर ती जागा उरत नाही. एकट्यासाठीच्या क्वाडवर बनवणारे दुसऱ्याला बसवू नका असा इशारा चिकटवूनच पाठवतात, मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर सोळा वर्षांखालच्यांना बसवू नका असाही. आमच्या गाड्यांवरचे ते स्टिकर धूळ-चिखलाने कधीच निघून गेले होते.

माळावर चढताना एक गोष्ट मला जाणवली आणि मी ती सोडून दिली. गाडी दगडावरून उड्या मारत होती. क्वाडच्या टायरमध्ये हवा अगदी कमी ठेवतात, साधारण चार-पाच पीएसआय. टायर दगडावर मऊ बसला पाहिजे. आदल्या दिवशी कोणीतरी गाड्या पेट्रोल पंपावर नेऊन स्कूटरच्या अंदाजाने हवा भरली होती. पंपावरच्या मीटरवर पाचचा आकडा धड वाचताही येत नाही. दगड लागला की असा टणक टायर चेंडूसारखा उसळतो. मी थांबवून हवा सोडायला हवी होती. सहा गाड्यांचं काम वीस मिनिटांचं होतं, आणि आम्ही पन्नास मिनिटं मागे होतो.

माळावर फोटो. तुंग समोर शंकूसारखा उभा, खाली धरणाचं पाणी, मुलगा बापाच्या गाडीवर उभा राहून हात पसरतोय. तिथे अजून पंचवीस मिनिटं गेली. एक वाजून पाच मिनिटांनी गाईडचा फोन वाजला. स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं.

‘आरं कुठं हायसा? उकड काढलीय, या लवकर. गार झाली का काय उपेग न्हाई.’

‘आलोच काकी, पंध्रा मिन्टात.’

बांध

गाडीवाटेने वळसा घातला तर वाडी चाळीस मिनिटांवर. खाचरांच्या बांधावरून गेलं तर खरंच पंधरा. गाईड त्याच शेतांत वाढलेला. पायी हजारदा गेलेला, स्वतःच्या एटीव्हीवरूनही. त्याने हात वर केला, डावीकडे वळला, मागोमाग सगळे.

मावळातलं खाचर पायऱ्यापायऱ्यांचं असतं. वरच्या आणि खालच्या खाचरात दोन-तीन फुटांचा फरक, मध्ये दगड-मातीचा बांध. हा बांध जेमतेम गाडीच्या रुंदीचा आणि एका अंगाला कललेला. अशा तिरक्या उतारावर चढाच्या बाजूला अंग टाकून बसावं लागतं. गाईड तसा बसला होता, अंगवळणीच होतं ते. मागच्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढची गाडी गेली, ऑफिसवाल्यांच्या दोन गेल्या. चौथी आईची, मागे मुलगा. बांधावर एक दगड वर आलेला होता. पुढचं उजवं चाक त्यावर चढलं, टणक टायर उसळला, गाडी डावीकडे झुकली. मुलगा घाबरून आईला घट्ट बिलगला, तोही डावीकडेच. आईने डावा पाय टेकायला खाली सोडला. खाली जमीनच नव्हती, दोन फूट खोल हरभरा होता. मूठ आवळली गेली, गाडी झेपावली आणि कडेवरून खाली आडवी झाली.

हे लिहायला जितका वेळ लागला त्याच्या दहाव्या हिश्शात सगळं झालं.

मुलगा हरभऱ्यात उडून पडला, ओरखड्यांवर निभावलं. आई हातावर पडली. पाय चाकाला घासून बूट फाटला होता, पण पाय गाडीखाली अडकला नाही. इंजिन सुरूच. मनगटाला बांधायची दोरी असते, माणूस पडला की ती ओढली जाऊन इंजिन बंद होतं. दोरी हँडललाच गुंडाळलेली होती. दोन गाड्यांवर तर ती नव्हतीच, हे मी नंतर मोजलं. गाईडने उडी मारून चावी फिरवली. पेट्रोलचा वास येत होता.

डाव्या मनगटाचा आकार बघूनच हाड मोडल्याचं कळत होतं. ऑफिसवाल्यांपैकी एकीने ओढणी दिली, मी नकाशाची जाड घडी मनगटाला आधार म्हणून बांधली आणि हात गळ्यात अडकवला. मुलाचं पोट दोनदा दाबून पाहिलं. क्वाडच्या पडण्यात हँडलचं टोक पोटात बसतं, वरून काही दिसत नाही आणि आत इजा असते, म्हणून. बापाला सांगितलं, दवाखान्यात पोटाचं नक्की बोला. १०८ ला फोन लावायला रेंज नव्हती. वाडीत चालकाचा पिकअप पाण्याचे कॅन घेऊन उभा होता, तोच बोलावला.

तोवर काकी धावत आल्या होत्या, तांब्याभर पाणी आणि गूळ घेऊन. मी म्हटलं, आत्ता काही देऊ नका, शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामं हवं. त्यांना ते पटलं नाही. पडलेल्या माणसाला पाणी द्यायचं नाही? त्या तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या, हाताला पीठ वाळलेलं.

खाचराचा मालकही आला. साठीचा माणूस, डोक्याला मफलर. त्याच्या उभ्या हरभऱ्यात गाडी पडलेली, बांधाची कड ढासळलेली. त्याने आधी विचारलं, ‘लेकरू बरं हाय ना?’ बाकीचं काही बोलला नाही. ते बोलणं पंधरा दिवसांनी झालं.

तळेगावच्या बाजूला पोचायला तासावर वेळ लागला. मनगटाचं हाड एका जागी मोडलं होतं, सहा आठवडे प्लॅस्टर. मुलाची सोनोग्राफी ठीक. ऑफिसवाल्या चौघांनी अडीच वाजता वाडीत गार भाकऱ्या खाल्ल्या आणि चांगल्या आहेत म्हणाले. तीनची तुकडी रद्द झाली.

कशामुळे

चालकाचं पहिलं म्हणणं, बाईंना गाडी येत नव्हती. गाईडचं म्हणणं, दगड मध्ये आला. पाहुण्यांचं म्हणणं, गाईडने शॉर्टकट घेतला. तिन्ही खरं आहे आणि तिन्हींनी काही उलगडत नाही. सराव वगळणं, हवा, दोरी, डबलसीट, बांध, यातल्या प्रत्येक जागी कोणीतरी थांबू शकलं असतं, मीसुद्धा. पण प्रत्येक जागी थांबू न देणारी गोष्ट एकच होती. जेवण मधोमध ठेवलेलं आणि त्याला घड्याळ बांधलेलं. अकरा किलोमीटरच्या सहलीचा वेग शेवटी ठरवला तो तव्याने.

मी हे चालकाला सांगितलं तेव्हा तो हसला. मग मी त्याला मागच्या हंगामातल्या उशिराच्या फेऱ्या आठवायला लावल्या. उशीर झालेल्या प्रत्येक वेळी बांधावरूनच गेले होते. गाईड लबाड नव्हता. पाहुण्यांनी गाडीवर पंचवीस मिनिटं कमी बसलेलं त्याला चालत होतं, पण चुलतीच्या भाकऱ्या गार झालेल्या चालत नव्हत्या. काकींना पैसे ताटावर मिळायचे. जेवलेलं ताट मोजायचं. न आलेल्याचं, अर्धं टाकलेल्याचं नाही. गार भाकरीमुळे कोणी वाईट अभिप्राय लिहिला तर पुढचं काम शेजारच्या घरी जाणार, ही भीती फोनवरच्या त्या ‘या लवकर’मध्ये होती.

दुसरंही एक. बेतात जेवणानंतर उतार होता. भात, रस्सा, वर ताक पिऊन जडावलेली माणसं दुपारी दोन वाजता सगळ्यात तीव्र उतारावर. बेल्टच्या गाड्यांत वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून ब्रेकवर उतरणारा नवखा माणूस घसरतो. त्या दिवशी अपघात जेवणाआधी झाला हा योगायोग. नंतर झाला असता तर दोन फुटांचं खाचर खाली नसतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्याने ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाने साहसी पर्यटन धोरण आणलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे. चालकाचा अर्ज ‘करायचा आहे’ या अवस्थेत होता. विमा होता, पण गाड्यांचा, माणसांचा नव्हता. दवाखान्याचा खर्च त्याने खिशातून दिला, आणि तो त्याने विनातक्रार दिला हेही लिहायला हवं.

बैठक

पंधरा दिवसांनी देवळात बैठक झाली. बांधाचा मालक बोलला तो असा: पायवाट सगळ्यांची, गाडीवाट सगळ्यांची, बांध माझा. बांधाचं काम पाणी धरणं. कड ढासळली की पावसाळ्यात वरच्या खाचरातलं पाणी फुटून खालच्याची लावणी वाहून जाते, आणि खालचं खाचर भावाचं. म्हणजे तुमच्या गाडीपायी माझं आणि भावाचं भांडण.

जमिनीबद्दल या भागात माणसं हळवी आहेत, आणि त्याला कारण आहे. सपाट, कसदार जमीन धरणात गेली. उरली ती उताराची. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले, ते इथल्या कोणी विसरलेलं नाही. बाहेरून आलेल्या माणसाला दोन फुटांच्या बांधावरून एवढी बैठक कशाला असं वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं.

ठरलं ते असं. बांधावरून गाडी नाही, कितीही उशीर होवो. गायरानातून जाण्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव आणि फेरीमागे ठरावीक रक्कम. हरभऱ्याची भरपाई रोख. बांध चालकाने उन्हाळ्यात दगड लावून बांधून द्यायचा.

सहलीतले बदल मी सुचवले, चालकाने काही घेतले. जेवण शेवटी आणलं. आता आधी पूर्ण फेरी, गाड्या तळावर लावायच्या, मग पाहुण्यांनी वाडीपर्यंत पिकअपने किंवा पायी जायचं. गाड्या लागल्या की फोन, फोन आला की काकी उकड काढतात, आणि पाहुणे हातपाय धुऊन सोलाणे खात बसतात तोवर पहिल्या भाकऱ्या उतरतात. काकींना ताटावर नाही, दिवसावर पैसे. दहा ताटांचे किमान, माणसं कमी आली तरी. डबलसीट बंद. सोळाखालचे गाडीवर नाहीत. लहान मुलं पिकअपमध्ये किंवा वाडीत काकींच्या नातवंडांबरोबर. सराव झाल्याशिवाय गाडी पटांगणाबाहेर नाही. कमी दाबाचा वेगळा मीटर आणला. अंगठ्याखाली अ‍ॅक्सिलरेटर अडवणारा एक स्क्रू असतो, तो नवख्यांच्या गाड्यांवर घट्ट केला.

हे सगळं गोडीत झालं असं नाही. मुलाला बसू देत नाहीत म्हणून दोन कुटुंबं पैसे परत घेऊन शेजारच्या तळावर गेली, तिथे डबलसीट राजरोस चालतं. सहा गाड्यांवर पूर्वी दहा पाहुणे बसायचे, आता चार-पाच. चालकाने दर वाढवला आणि रविवारची एक फेरी कमी केली. पुढे उन्हाळी सुट्टीत ती परत सुरू झाली. मला फोन करून त्याने सांगितलं नाही, मला दुसऱ्याकडून कळलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर या खोऱ्याला क्वाड बाईकची गरज नव्हती. धूळ उडते, गुरं बुजतात, आणि तिकोन्याच्या पायथ्याचा माळ पायी चढायला दीड तास पुरतो. पण गाईडला पुण्यात कंपनीच्या बसमध्ये रोज चार तास घालवावे लागत नाहीत ते या गाड्यांमुळे, आणि काकींनी त्या पैशातून पत्र्याचं स्वयंपाकघर बांधलं. हे तिथे बसून ऐकल्यावर मत जोरात मांडावंसं वाटत नाही.

त्या बाई मे महिन्यात परत आल्या. गाडीवर बसल्या नाहीत. नवरा आणि मुलगा माळावर चालत गेले, त्या काकींकडे बसून भाकरी थापायला शिकल्या. डाव्या मनगटात अजून जोर नव्हता, भाकरी एका बाजूला जाड राहायची. काकींनी मला ते हातानेच करून दाखवलं.

बांध एप्रिलमध्ये बांधून झाला. गवंडी बाहेरचा होता, त्याने दगड छान लावले पण मधली माती नीट चोपली नाही. जुलैत लावणीनंतर मी गेलो तेव्हा नेमक्या त्याच जागेतून पाणी झिरपत होतं. मालक आणि त्याचा भाऊ दोघं चिखलात उभे राहून शेणमाती भरत होते. गाईड वरून टोपलीने माती देत होता. तिघांपैकी कोणी काही बोलत नव्हतं, आणि पाऊस पडतच होता.